आत्याचा अल्बम, मे महिना आणि छोटा प्रिंटर

आमच्या घराण्याचे जुने फोटो चार ठिकाणी विखुरले आहेत. थोडे आमच्याकडे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात निंबाळकर की गोठमधल्या घरी, आजीच्या पत्र्याच्या पेटीत. थोडे झाशीच्या चुलतकाकांकडे, भिंतीवर काचेमागे. थोडे इंदूरला, बाबांच्या मावशीकडे. आणि सगळ्यांत जुने, सगळ्यांत जास्त, माधवगंजात थोरल्या आत्याच्या कपाटात, काळ्या पानांच्या एका जाड अल्बममध्ये. आमच्या घरापासून माधवगंज काही लांब नाही. तरी गेली अकरा वर्षं त्या अल्बममधला एकही फोटो आत्याच्या उंबऱ्याबाहेर आला नव्हता.

त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी घरातलाच एक जण “कॉम्प्युटरवर चढवून आणतो” म्हणून सहा फोटो घेऊन गेला आणि त्याने ते एका दुकानात दिले. महिन्याभराने चार परत आले. त्यांतल्या एकावर चिकटपट्टीचा पिवळा डाग. दोन आलेच नाहीत. त्या दोनांत माझ्या आजोबांचा मुंजीतला फोटो होता. आठ वर्षांचा मुलगा, हातात दंड, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. आत्या कुणाशी भांडली नाही. अल्बमच्या त्या पानावरचे फोटो अडकवायचे चार काळे कागदी त्रिकोण तिने तसेच राहू दिले, आणि कपाटाची किल्ली स्वतःजवळ ठेवायला लागली.

घरी वापरायच्या छोट्या फोटो प्रिंटरबद्दल कुणी विचारलं की पहिला प्रश्न पैशांचा असतो: एक प्रिंट कितीला पडते, लॅबपेक्षा स्वस्त की महाग? आमच्या घरी तो प्रश्न मागेच पडला. आम्ही प्रिंटर आणला आणि त्यामुळे अकरा वर्षं बंद असलेलं एक कपाट उघडलं. हे कसं घडलं ते तपशिलाने लिहिते आहे, कारण त्यातले निम्मे तपशील ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचे आहेत आणि प्रिंटरच्या खोक्यातल्या पुस्तिकेत ते सापडत नाहीत.

निमित्त आणि अडचण

आजीचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस धरले तर हजार पौर्णिमा व्हायला जवळजवळ ८१ वर्षं लागतात. आजी तिथे पोचली होती. मुलांच्या शाळा आणि सगळ्यांची रेल्वेची तिकिटं यांचा मेळ मे महिन्याच्या उत्तरार्धातच बसत होता. घरची म्हणून ४३ माणसं येणार होती. इतकी माणसं पुन्हा एका छताखाली कधी येतील कोण जाणे, म्हणून मी आणि दादाने ठरवलं की प्रत्येकाने घरातले जुने फोटो बरोबर आणायचे, आम्ही इथेच त्यांच्या नकला काढून घ्यायच्या, आणि आजी शेजारी असेपर्यंत फोटोंतल्या माणसांची नावं लिहून घ्यायची.

फोनवर सगळे हो म्हणाले. मग एकेक वाक्य पुढे आलं. “काचेतून काढला तर फाटेल.” “दोनच आहेत, प्रवासात नको.” इंदूरच्या मावशीआजी म्हणाल्या, “आणते, पण रात्री माझ्या पिशवीत परत पाहिजेत.” आत्या काहीच म्हणाली नाही.

नकला काढायला स्कॅनर होता दादाकडे. पण सपाट स्कॅनरवर काळ्या पानांचा अल्बम उलटा दाबायचा म्हणजे त्याची पाठ मोडणार, नाहीतर फोटो त्रिकोणांतून सोडवावे लागणार. मोबाइलने काढणं सोपं, पण हाताची सावली पडते, चौकोन तिरपा होतो, आणि चार मिनिटांत तो फोटो तीन व्हॉट्सअॅप गटांत जातो. आमच्याकडच्या दोघी-तिघी बायकांना नेमकं तेच नको होतं. कॅमेऱ्याने नकला काढून दुसऱ्या दिवशी लॅबमधून छापून आणणं हा सर्वांत शहाणा आणि स्वस्त मार्ग होता. फक्त त्यात “नंतर देते” हे शब्द होते. आमच्या घरात त्या शब्दांची पत अकरा वर्षांपूर्वीच गेली होती.

मी आत्याकडे गेले ते अल्बम मागायला नव्हे. तिला विचारलं, “तुझ्यासमोर, पानावरून न हलवता फोटोचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे कागदावर छापून तुझ्या हातात दिला तर?”

“तिथल्या तिथे म्हणजे?”

“एका मिनिटात.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आधी दुसऱ्या कुणाचा काढून दाखव.”

कुठला प्रिंटर आणि का

हातात मावणारे फोटो प्रिंटर तीन वेगवेगळ्या पद्धतींचे मिळतात आणि दुकानात ते एकाच फळीवर ठेवलेले असतात, त्यामुळे घोटाळा होतो. झिंक पद्धतीत शाई नसतेच. कागदाच्या आतच रंगाचे स्फटिक असतात आणि उष्णतेने ते खुलतात. यंत्र खिशात मावतं, पण प्रिंट साधारण २ बाय ३ इंच. इन्स्टॅक्सची गोष्ट वेगळी, ती खरी फिल्म आहे, तिच्यावर प्रकाश टाकून चित्र उमटवतात. मिनी आकारात प्रत्यक्ष चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटर. पोरीबाळींच्या वाढदिवसाला छान. पण आमच्याकडचे निम्मे फोटो म्हणजे लग्नातले समूह, तीन रांगांत पंचवीस माणसं. त्या आकारात चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा झाला असता आणि आजीने कुणालाच ओळखलं नसतं.

उरली डाय-सब्लिमेशन. कॅननच्या सेल्फी मालिकेतले प्रिंटर या पद्धतीचे. पोस्टकार्डाचा कागद १०० बाय १४८ मिलिमीटर. आम्ही याच पद्धतीचा एक घेतला. यात शाईची बाटली नसते, रंगाची रिबन असते. रिबनवर पिवळा, किरमिजी, निळा असे पट्टे आणि शेवटी एक पारदर्शक पट्टा. तापलेली पट्टी रिबनमागून रंगाला ऊब देते, रंगाची वाफ होऊन तो कागदात शिरतो. एकेका रंगासाठी कागद आत-बाहेर जातो. चौथ्या फेरीत पारदर्शक थर बसतो आणि त्यामुळे प्रिंट बाहेर येते ती कोरडी. पाण्याचा थेंब पडला तर पुसता येतो.

एका प्रिंटला रिबनचा एक पूर्ण संच लागतो, मग फोटो काळाकुट्ट असो की पांढराफटक. म्हणून कागद आणि रिबन मोजूनच येतात: १०८ कागदांबरोबर ३६-३६ च्या तीन रिबनी. हे मला फार सोयीचं वाटलं. शाई किती उरली याचा अंदाज बांधायचा नाही, किती फोटो उरले ते मोजायचं. आम्ही एक १०८ चा आणि एक ३६ चा संच आणला, एकूण १४४.

मेगापिक्सेलची चिंता इथे कुणीही करू नये. हा प्रिंटर इंचाला ३०० ठिपके छापतो. त्या हिशेबाने पूर्ण कागदाला १७४८ बाय ११८१ ठिपके पुरतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. वीस वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेरा माळ्यावर पडला असेल तर तोही चालेल. आमचा २४ मेगापिक्सेलचा होता. जास्तीचे ठिपके वाया गेले नाहीत, कारण मोठ्या समूहातला एकच चेहरा कापून छापता आला.

अकरा कागद वाया

आमच्या घरी तालीम केली. पहिल्या तीन प्रिंट्सवर पांढरे ठिपके होते, खसखस सांडल्यासारखे. मला वाटलं रिबन खराब. दुसरी घातली, तेच. मग दादाने नुसतं उभं राहून यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, “कागद कुठे जातोय बघ.” कागद प्रत्येक फेरीत प्रिंटरच्या मागून अर्धा बाहेर येत होता, आणि प्रिंटरच्या मागे खिडकीतला कूलर होता. ग्वाल्हेरच्या मेमधला कूलर म्हणजे बाहेरची धूळ आणि खसाचा ओलावा एकत्र करून घरात ओतणारं यंत्र. कागदावर धुळीचा कण बसला की तिथे रंग पोचत नाही. तो कण पुढच्या फेरीत निसटला तर तिथे एकच रंग कमी पडतो. म्हणून काही ठिपके पांढरे होते आणि काही हिरवट.

कूलर बंद केला तर खोली तापली. अशा प्रिंटरना साधारण ४० अंशांपर्यंतच काम करायचं असतं. बाहेर ४५ च्या वर होतं. सलग सात-आठ प्रिंट काढल्या की तो आपला थांबायचा, थंड व्हायचा, मग पुढे. दुरुस्तीची गरज नव्हती, तापलेल्या पट्टीला उसंत हवी होती एवढंच.

उपाय घरातच होता. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि त्या तळाचंच लष्कर नावाचं शहर झालं. इथल्या जुन्या घरांच्या भिंती अजून हातभर जाड आहेत. आमचं माजघर दोन खोल्यांच्या आत, बिनखिडकीचं. दुपारीही तिथे ३५-३६ अंशांच्या वर जात नाही. सकाळी ओल्या फडक्याने फरशी पुसून घेतली, अर्धा तास थांबलो, पंखा बंद, दारावर ओला पडदा, प्रिंटरमागे वीतभर मोकळी जागा. कागदाची पेटी भरण्याआधी कोरड्या मऊ फडक्याने पुसायची आणि भरल्यावर झाकण लगेच लावायचं. ठिपके जवळजवळ संपले.

पुढचा फटका विजेचा. तिसऱ्या रंगाच्या वेळी लाईट गेली. इन्व्हर्टर लागला, पण त्या क्षणभरात प्रिंटर बंद पडून कागद आतच अडकला होता. कागद ओढायचा नाही. परत चालू केल्यावर तो स्वतःच बाहेर टाकतो. मात्र ती प्रिंट गेली आणि तेवढी रिबनही गेली. यावर आम्ही दादाच्या कॉम्प्युटरचा यूपीएस आणून प्रिंटर त्याला जोडला. काही प्रिंटरना वेगळी बॅटरी मिळते. अंगणात किंवा देवळात काम करायचं असेल तर तीच घ्यावी.

उरलेल्या चुका माझ्या. फोटो काठोकाठ छापायचा ठेवला होता. तसं छापताना प्रिंटर चित्र जरा मोठं करून चारी बाजूंनी थोडं कापतो. आजीच्या पेटीतल्या एका पुठ्ठ्यावरच्या फोटोच्या तळाशी स्टुडिओचं नाव आणि गावाचा ठसा होता, तो नेमका कापला गेला. हा फोटो ग्वाल्हेरचा की झाशीचा एवढं सांगणारी ती एकच खूण होती. त्यानंतर मी सगळं पांढरी चौकट ठेवून छापलं आणि नक्कल काढतानाच मूळ फोटोच्या भोवती बोटभर जागा सोडली. शिवाय प्रिंट्स काळवंडलेल्या येत होत्या. कॅमेऱ्याचा पडदा आतून उजळलेला असतो, कागद नसतो. प्रिंटरवर उजेड एक पायरी वाढवला तेव्हा चेहरे वर आले.

अकरा कागद वाया गेले. मला त्याचं वाईट वाटत नाही. हेच अकरा आत्यासमोर वाया गेले असते तर पुढचं काही झालंच नसतं.

माधवगंज, सकाळी सात

आत्याच्या मधल्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. उन्हाचा पट्टा आत येत नाही, नुसता शांत उजेड. लू म्हणजे दुपारचा तापलेला वारा सुटायच्या आत, सात ते दहा या वेळात काम करायचं ठरवलं. अल्बम जमिनीवर, कॅमेरा तिपाईवर खाली तोंड करून, फ्लॅश बंद. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. भिंगाचं छिद्र एफ ८, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनक्षमता १००.

कॅमेरा फोटोला अगदी समांतर आहे की नाही हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. फोटोच्या जागी एक छोटा आरसा सपाट ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचं. भिंगाचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधोमध दिसलं की झालं. आत्याने स्वतःचा कुंकवाच्या डब्यातला आरसा काढून दिला. त्या दिवशी अल्बमजवळ पोचलेली तिची ती पहिली वस्तू.

काळ्या पानांनी सुरुवातीला फसवलं. पान काळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि चेहरे चुन्यासारखे पांढरे होतात. म्हणून एका पांढऱ्या कागदावर माप घेऊन, तो कागद करडा न होता पांढराच दिसेल इतका उजेड हाताने पक्का केला आणि मग पूर्ण अल्बमभर बदलला नाही. प्रत्येक फोटो रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीची तयार फाइल) अशा दोन्ही रूपांत साठवला. प्रिंटरला जेपेगच कळतं. रॉ आपल्यासाठी, नंतर सावकाश डाग काढायला. कृष्णधवल फोटोंसाठी कॅमेऱ्यातच कृष्णधवल छटा निवडली, त्यामुळे जेपेगमधला जुना पिवळेपणा गेला आणि रॉमध्ये तो जसाच्या तसा राहिला. काही फोटोंच्या काळ्या भागावर निळसर रुपेरी झाक आली होती. जुन्या कागदातली चांदी वर येते तेव्हा ती दिसते. खिडकीच्या बाजूने एक काळी ओढणी आडवी धरली की ती झाक बरीच कमी होते.

आधी मी माझ्याबरोबर आणलेला आजीचा एक फोटो काढला. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड प्रिंटरमध्ये घातलं. कागद बाहेर आला तो नुसता पिवळा, चेहऱ्याचा अंदाजही येईना. आत्या म्हणाली, “हळद लागली.” दुसऱ्या फेरीत किरमिजी चढला. “आता कुंकू.” तिसऱ्या फेरीत निळा आला आणि एकदम माणूस उभा राहिला. चौथी फेरी, चकाकी. दोन्ही टोकांच्या टोचलेल्या पट्ट्या मी तोडल्या आणि प्रिंट तिच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरली, मूळ फोटो शेजारी ठेवला, दोन्हींवर बोट फिरवलं. आणखी दोन काढून दाखवायला सांगितल्या. मग उठली आणि कपाट उघडलं.

अल्बममध्ये ९४ फोटो निघाले. तीन सकाळी लागल्या. एकही फोटो पानावरून सुटला नाही. पान मीच उलटायचं असं नव्हतं. आत्या उलटत होती. तिला हवे ते २६ तिथेच छापून दिले. बहुतेक मूळ फोटो ६ बाय ९ सेंटिमीटरचे, बॉक्स कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवरून थेट छापलेले, म्हणजे नक्कल मुळापेक्षा मोठी. आपल्या सासूबाईंचा चेहरा इतका जवळून तिने कधी पाहिला नव्हता. “नथ मोत्यांची होती तर,” ती म्हणाली. तोपर्यंत ती सोन्याची समजली जात होती.

शेवटच्या पानांवर सत्तरीच्या दशकातले रंगीत फोटो होते, सगळे तांबूस पडलेले. त्या काळच्या रंगीत कागदातला निळा रंग अंधारात ठेवूनही उडतो, म्हणून उरतो तो लालसरपणा. छोट्या प्रिंटरकडे यावर इलाज नाही. ते मी तिथे छापले नाहीत, रॉ वरून नंतर सुधारून दिले. तसं तिला आधीच सांगितलं, आणि या वेळी “नंतर” हा शब्द तिने ऐकून घेतला.

कार्यक्रमाचा दिवस

त्या दिवसाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तोपर्यंत गाडी रुळावर आली होती. मागच्या खोलीत मी कॅमेऱ्यावर, माजघरात बारा वर्षांचा भाचा प्रिंटरवर. केबल लावली नाही, कॅमेरा तिपाईवरून हलवायचाच नव्हता. दोन कार्डं केली, एकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. एक कॅमेऱ्यात, दुसरं प्रिंटरमध्ये, आलटून पालटून. दोन कार्डांवर एकाच नावाच्या फाइली होऊ नयेत म्हणून कॅमेऱ्यात क्रमांक सलग चालू ठेवायची सोय असते, ती आठवणीने लावावी. कुणाला किती प्रती हव्यात ते कॅमेऱ्यातच नोंदवता येतं. प्रिंट ऑर्डरचा तो प्रमाणित नमुना १९९८ पासूनचा आहे, आणि आमच्या प्रिंटरने तो बिनबोभाट वाचला.

झाशीचे काका काचेतला फोटो काचेसकट घेऊन आले. तो काचेला चिकटलेला होता, सोडवला असता तर वरचा थरच निघाला असता. काचेसकटच काढला, अंगाभोवती काळी चादर गुंडाळून, म्हणजे काचेत माझंच रूप दिसू नये. एका काकूंचा अल्बम ऐंशीच्या दशकातला, चिकट पानांचा. त्यातले फोटो ओढायचे नाहीत, नुसतं प्लॅस्टिक वर करायचं. इंदूरच्या मावशीआजींनी नऊ फोटो रुमालात बांधून आणले होते. त्या तिपाईशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि नववा फोटो परत रुमालात जाईपर्यंत उठल्या नाहीत.

प्रत्येक फोटोच्या दोन प्रती निघत होत्या, एक मालकाला आणि एक आजीला. चौकटीत फाइलचा क्रमांक छापून घेतला होता. आजी खाटेवर बसून नाव सांगायची आणि वहिनी वहीत क्रमांकापुढे लिहायची. ४२ व्या समूहफोटोत तिने मागच्या रांगेतली एकूणएक माणसं ओळखली, फक्त एका मुलीपाशी थांबली. “ही माझ्या वर्गातली. माहेरची. ही आमच्या लग्नात कशी?” मग तिलाच आठवलं. त्या दुपारी आजीच्या तोंडून जेवढं ऐकलं तेवढं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी ९० प्रिंट निघाल्या. पेटीत एका वेळी १८ कागद मावतात, म्हणजे पाच वेळा भरली. दर भरणीनंतर प्रिंटरला दहा मिनिटं विश्रांती. जेवणात आमरस होता, त्यामुळे माजघराच्या दारात भाच्याने स्वतःच घंगाळ आणि टॉवेल ठेवला होता. हात धुतल्याशिवाय कुणाला प्रिंट नाही. वरच्या थरामुळे पाण्याची भीती नसली तरी तेलकट बोटं आणि ताज्या प्रिंट्स एकमेकींवर दाबून ठेवणं टाळावं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत त्या ठेवू नयेत, चिकटपट्टी लावू नये. रंग ओढला जातो. पॉलिप्रॉपिलीनच्या पानांचा अल्बम घ्यावा, आणि दुकानदाराला तो शब्द सांगून विचारावं.

रिबन

एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती आणि ती प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी. भाच्याने संपलेली रिबन उजेडात धरली आणि हाक मारली. रिबनवर प्रत्येक फोटो उलट्या छटांत जसाच्या तसा दिसत होता, एकेका रंगात एकेकदा. कागदावर जेवढा रंग गेला तेवढा तिथून कमी झाला, म्हणून चित्र मागे राहतं. नीट पाहिलं तर चेहरा ओळखू येतो.

आमच्या एका काकूंनी फोटो द्यायच्या आधी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “माझा कुठे फिरवू नकोस.” मी हो म्हटलं होतं. त्या रिबनी तशाच कचऱ्यात गेल्या असत्या तर माझा शब्द गाडीवाल्याच्या पोत्यात गेला असता. संध्याकाळी मी आणि त्या काकू ओसरीवर बसलो आणि साऱ्या रिबनी बाहेर ओढून कात्रीने बारीक तुकडे केले. अर्धा तास लागला. कार्डांवरचे फोटो एका हार्ड डिस्कवर घेऊन, ते उघडतात हे पाहून, दोन्ही कार्डं पुसली. ती डिस्क आता आत्याच्या कपाटात असते. असं मीच सुचवलं.

हिशेब

१४४ कागद: तालमीत ११, आत्याला नमुना ३, तिच्या अल्बममधले २६, कार्यक्रमात ९०. उरले १४. एक प्रिंट आम्हाला साधारण २८ रुपयांना पडली. लॅबमध्ये त्याच आकाराला निम्म्याहून कमी लागले असते. मोठ्या संख्येने छापायचं असेल, रंग दुरुस्त करायचे असतील, भिंतीवर लावायला आठ बाय बाराची प्रिंट हवी असेल तर सरळ लॅबमध्ये जावं, आणि मीही जाते. कृष्णधवल फोटोत तर लॅबचा करडा अधिक शुद्ध. आमच्या प्रिंटरवर तीन रंगांतून बनणारा करडा नेमका जुळत नाही, त्यामुळे कधी हिरवट, कधी जांभळट सावट राहतं. झाशीच्या काकांनी ते बोलून दाखवलं आणि ते बरोबर होतं.

प्रिंटरची खरी जागा तिथे आहे जिथे मूळ वस्तू मालकाच्या नजरेआड जाता कामा नये. नाहीतर वर्षातून चार फोटोंसाठी तो घेऊ नये.

आजोबांचा मुंजीतला फोटो मिळाला नाही. पण मावशीआजींच्या रुमालातल्या सहाव्या फोटोत तोच रंगवलेला पडदा होता, तोच कमानीचा कोपरा, आणि पडद्यापुढे एक नऊवारीतली बाई, तिच्या पदराला धरून तोच मुलगा, या वेळी दंडाशिवाय. एकाच दिवशी, एकाच स्टुडिओत काढलेला असणार. आत्या तो पाहत होती तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्यासाठी तो एका कागदावर दोन अशा मांडणीत लहान करून छापला, त्या रिकाम्या त्रिकोणांत बसेल असा. तिने तो घेतला आणि शेजारच्या पानावर लावला. रिकामी जागा रिकामीच ठेवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या शेजारच्या वहिनींकडे पाठवणीच्या ट्रंकेत काही फोटो निघाले आहेत, पण त्या कुणाच्या हातात द्यायला तयार नाहीत. “मी सांगितलंय त्यांना सगळं,” आत्या म्हणाली. “तू सकाळी सातला ये. फरशी मी आधी पुसून घेते आणि कूलर बंद ठेवते. आरसा आहेच.”